उभा खडा घळीचा

वरुडठाणात नवा माणूस आला की त्याला घळ दाखवायची नाही, ती त्याला आपोआप सापडू द्यायची, असा गावाचा जुना वात्रटपणा आहे. श्रीरामपूरकडून येणारी एसटी फाट्यावर सोडते. तिथून उसाच्या बांधांवरून पाऊलवाट. जमीन अशी सपाट की गोटी ठेवली तर हलायची नाही. आणि मग एकाएकी, वेड्या बाभळींच्या पलीकडं, जमीनच नाही. तीस हात खाली प्रवरेकडं निघालेला ओढा आणि दोन्ही अंगाला मातीच्या उभ्या भिंती. नवखा माणूस दचकून मागं सरतो, आणि बांधावर तंबाखू मळत बसलेल्यांची करमणूक होते.

त्या भिंतींत, वरून दीड-दोन पुरुष खोलीवर, एक पांढरा पट्टा आहे. हातभर जाड आणि दगडासारखा कठीण. ती चुनखडी. जैनुद्दीनच्या घराण्यानं चार पिढ्या तिच्यावर भाकरी खाल्ली. गावात त्यांना चुनेवालेच म्हणतात. पण पट्ट्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यातून आपोआप सुटून तळाला पडलेले खडे वेचायचे, नांगरटीत वर आलेले गोळा करायचे, आणि भट्टीत भाजायचे. आजोबांचा नियमच होता: पडलेला खडा आपला, उभा खडा घळीचा. का, असं लहानपणी जैनुद्दीननं एकदा विचारलं होतं. आजोबांनी उत्तर दिलं नाही, कानफटात दिली. त्यामुळं नियम पक्का लक्षात राहिला, कारण मात्र राहून गेलं.

ते कारण त्याला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एका कॉलेजातल्या मुलीनं समजावून सांगितलं. तोवर फार उशीर झाला होता.

ज्ञानेश्वरी तिचं नाव. घर श्रीरामपुरात, शिक्षण भूगर्भशास्त्राचं. पाठीवर सॅक, डोक्यावर टोपी, हातात लहानशी हातोडी. गेल्या वर्षी दिवाळी सरली तशी ती गावात आली आणि घळ नीट कुणाला माहीत आहे, असं विचारू लागली. गावानं जैनुद्दीनकडं बोट दाखवलं, कारण रिकामा माणूस तोच होता. भट्टी थंडावलेली, बायको हाजराबी पाच वर्षांपूर्वी गेलेली, एकुलता एक मुलगा मुजफ्फर नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात.

"चाचा, ही चुनखडी कशी झाली, माहितीये?" पहिल्याच दिवशी घळीच्या तळाशी उभं राहून तिनं विचारलं.

"अल्लानं केली."

"ते आहेच. पण कशी केली ते सांगते." ती हसली. "पावसाचं पाणी वरच्या मातीतून झिरपतं आणि मातीतला चुना विरघळवून खाली नेतं. आपल्याकडं पाऊस बेताचा, ऊन फार. थोडं खाली गेलं की पाणी आटतं आणि चुना तिथंच थिजतो. हजारो वर्षं असं झालं, तेव्हा हा थर झाला. पाऊस जास्त असता तर चुना विरघळून वाहून गेला असता."

"आनि घळ?"

"घळ पाण्यानं कापली. पण भिंत उभी का राहिली? माती मऊ, ती ढासळून उतार व्हायला हवा होता. हा थर खालच्या मातीला छप्पर आहे आणि वरच्या मातीला जोतं. जगातल्या मोठमोठ्या दऱ्यांचं बघा, पुष्कळ ठिकाणी चुनखडी आहे तिथंच कडा ताठ उभा आहे. थर काढला की वरचं सगळं खाली. घळ पाण्यानं होते चाचा, पण उभी राहते ती चुन्यावर."

जैनुद्दीननं नकळत गालाला हात लावला. साठ वर्षांपूर्वीची कानफटात त्याला आज कळली.

घळीच्या पूर्वेच्या काठावर कब्रस्तान आहे. तिथं आल्यावर ज्ञानेश्वरी थांबली. सगळ्या भिंतीत दिसणारा पांढरा पट्टा तिथं वीसेक हात लांबीत नव्हताच. त्याच्या जागी काळी खोबण होती, आणि खोबणीवर अधांतरी लोंबणारी माती.

"इथला थर कुठं गेला, चाचा?"

"पडला असंल."

"एवढाच? बाकीचा कुठं पडलेला नाही." तिनं खोबणीत हात घालून पाहिलं. "हे ओरखडे कशाचे आहेत?"

सोबत आलेला पुंजाराम, जैनुद्दीनच्या भट्टीवरचा जुना गडी, उगाच खोकला. जैनुद्दीन दुसरीकडं पाहत म्हणाला, "साळिंदराचे असतील. लई साळिंदरं हायेत हितं."

मुलीनं वहीत काहीतरी टिपून घेतलं. तिला साळिंदराचं खरं वाटलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

साळिंदर पहार घेऊन येत नाही. ते ओरखडे जैनुद्दीनच्या पहारीचे होते.

सात वर्षांपूर्वी एका जुन्या किल्ल्याच्या तटबंदीची डागडुजी निघाली होती. सिमेंट चालणार नाही, जुन्या पद्धतीचाच चुना हवा, असं वरून ठरलं होतं. वीस वर्षं ज्याच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं त्या जैनुद्दीनच्या दारात जीप येऊन उभी राहिली. साहेबानं चुना चिमटीत धरला, बोटांवर चोळला आणि म्हणाला, असा चुना मी कुठं पाहिला नाही. झालं! पैशाची भूक वाईट म्हणतात, पण कौतुकाची भूक त्याहून वाईट. पैशानं निदान पोट तरी भरतं. जैनुद्दीननं चार भट्ट्यांचा चुना कबूल केला, आणि गावभर वेचून खडे जमले दोन भट्ट्यांपुरते.

मग त्यानं पहार काढली. कब्रस्तानाखालचा पट्टा सगळ्यात शुभ्र, म्हणून तिथूनच सुरुवात केली. तो आणि पुंजाराम अशा दोघांनी वीस हात लांबीचा थर आतपर्यंत उकरला. हाजराबी ओढ्याच्या कडेला उभी राहून पाहत होती. चुना विझवण्यात ती नवऱ्याहून तरबेज. भाजलेल्या खड्यांवर, म्हणजे कळीवर, पाणी किती आणि केव्हा घालायचं ते तिच्या उजव्या हाताला न बोलता कळायचं. तो हात चुन्यानं कायमचा भेगाळला होता. तोच हात वर करून ती म्हणाली होती, "मुजफ्फरचे अब्बा, उभ्याला हात नका लावू. वर आपली मानसं झोपलीत."

"काठाला कोन हाय? रिकामी जागा हाय ती," जैनुद्दीन म्हणाला होता.

आणि ते खरंच होतं. कबरी तेव्हा पुष्कळ मागं होत्या. दोन वर्षांनी हाजराबी तीन दिवसांच्या तापात गेली. जुन्या ओळी भरल्या होत्या, म्हणून गावानं तिची कबर त्या रिकाम्या जागेत खणायला घेतली.

तिथं नको, एवढेच दोन शब्द बोलायचे होते. पण ते बोलले असते तर का, असं लोकांनी विचारलं असतं. लोकांचं सोडा, मुजफ्फरनं विचारलं असतं. आईच्या मयतीला आलेल्या पोरासमोर, सगळ्या जमातीसमोर, मी खालून जमीन पोखरलीये, असं कसं सांगायचं? जैनुद्दीननं मान खाली घातली. काठ तेव्हा पंचवीस फुटांवर होता. पंचवीस फूट म्हणजे पुष्कळ, असं त्यानं स्वतःला सांगितलं. जिनं नको म्हटलं तिलाच त्यानं त्या पोकळीवर नेऊन ठेवलं आणि तीन मुठी माती दिली.

त्यानंतर एकही पावसाळा असा गेला नाही की काठ खाली आला नाही.

ज्ञानेश्वरीनं घळीच्या काठावर चार ठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकल्या. एक खुंटी हाजराबीच्या कबरीच्या पायथ्याशी. खुंटीपासून काठापर्यंत टेपनं मोजायचं, दर शुक्रवारी, वहीत लिहायचं आणि पानाचा फोटो तिला पाठवायचा. ती वही तिनं जैनुद्दीनच्या हाती दिली. "तुमच्यासारखी घळ कुणालाच कळत नाही," ती म्हणाली. पुन्हा तेच कौतुक. या वेळी त्यानं मान वर न करता वही काखेत मारली.

कबरीपासून काठ त्या दिवशी अकरा फुटांवर होता.

मग जमातीची बैठक झाली. मुजफ्फर खास रजा काढून आला. विनाकारण कबर उघडू नये, पण खरोखर धोका असेल तर मयत हलवायला हरकत नाही, असं मौलानांनी सांगितलं. धोका खरा की खोटा ते कोण ठरवणार? ज्ञानेश्वरी म्हणाली, उन्हाळ्यात काठ जागेवर राहिला तर हा पावसाळा निघेल. मेपर्यंत तो आठ फुटांच्या आत आला, तर पावसाच्या आधी कबर हलवायलाच हवी, आणि तेव्हा मी माझ्या सरांना घेऊन येईन. खालचा थर कशानं गेला तेही ते पाहतील. सगळ्यांना हे पटलं. हाजराबीचं भवितव्य त्या वहीवर ठरलं, आणि वही कुणाकडं, तर जैनुद्दीनकडं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

"सांगून टाक, जैनूभाय," त्या दिवशी परत येताना पुंजाराम म्हणाला. "पहार मी बी मारली हाय. गाव काय फासावर चढवनार हाय का?"

"गावाचं न्हाई रे. पोराला काय सांगू? तुजी अम्मी नको म्हनली, आनि तरी मी तिला तितंच ठिवली?"

 पुंजारामनं बिडी पेटवली आणि पुढं चालू लागला.

फेब्रुवारीत, आपल्या माणसांच्या कबरींवर जायच्या शब-ए-बरातच्या दिवशी दुपारी जैनुद्दीन कबरीला सफेदी करायला गेला. तटबंदीच्या कामातला उरलेला चुना त्यानं भट्टीजवळच्या खड्ड्यात मुरवून ठेवला होता. दर वर्षी तोच वापरायचा. कुंचला एकदा फिरवला, दोनदा फिरवला, आणि त्याचा हात थांबला. हा चुना कुठला? हा तर खालचाच. जो थर हाजराला खालून धरून राहिला असता, तो आपण तिच्या तोंडावर फासतोय. जैनुद्दीन कबरीशेजारी मटकन बसला आणि पोरासारखा रडला.

रडून उठला तेव्हा मात्र त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती. घेतलं ते परत द्यायचं. खड्ड्यात पुष्कळ चुना होता, सात वर्षं मुरलेला, लोण्यासारखा. ओढ्यात दगड होते. खोबण दगड-चुन्यानं भरून काढायची, थर होता तसा पुन्हा उभा करायचा. मग काठ पडणार नाही, कबर हलणार नाही, आणि पोराला कधी काही कळणार नाही. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.

दुसरा कुणी असता तर त्यानं सिमेंटची चार पोती आणली असती. पण जैनुद्दीन चुनेवाला होता. सिमेंट म्हणजे दोन पिढ्यांचा पाहुणा, चुना किल्ले उभे करतो, हे तो आयुष्यभर बोलत आला होता. चुना सावकाश धरतो, हेही त्याला ठाऊक होतं. पण मिरगाला अजून चार महिने होते. चार महिन्यांत चुना दगड होतो, आणि चार महिने वहीनं गप्प राहिलं पाहिजे.

रोज सकाळी तो घळीत उतरायचा. लाकडी परांची बांधून वर चढायचा, खोबणीतली भुसभुशीत माती खरवडून काढायचा, दगड बसवायचा, चुना भरायचा, ओलं पोतं लावायचा. चुन्यात बेलफळाचं पाणी आणि गूळ घालायचा, हाजरा घालायची तसाच. पुंजाराम शिव्या देत देत दगड पोचवायचा. "म्हातारपनी येड लागलंय तुला," म्हणायचा आणि पुढचा दगड उचलायचा. जैनुद्दीनच्या बोटांची कातडी सोलवटली. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं.

एक गोष्ट त्याला दिसली नाही, किंवा दिसली आणि पाहायची नव्हती. दगड नीट बसावा म्हणून तो रोज थोडी माती आतून खरवडत होता. म्हणजे पोकळी आणखी आत जात होती. आणि मागच्या बाजूच्या उसाला दर पंधरा दिवसांनी पाणी सुटायचं, त्याची ओल आतून भिंतीत उतरत होती. वरचा काठ त्यामुळं उन्हाळ्यातच ढासळू लागला. मार्चअखेर टेपवर साडेनऊ आले. जैनुद्दीननं वहीत साडेदहा लिहिले. एप्रिलच्या मध्यावर साडेसात आले. त्यानं टेप पुन्हा ताणून पाहिला. मग त्यानं लिहिलं, दहा.

ज्ञानेश्वरीचा फोन आला. "चाचा, वहीचे फोटो पाहिले. आकडे चांगले आहेत हो! दहावर आहे काठ, आठ अजून लांब. मी मुजफ्फरभाईंना आणि जमातीला कळवलं, यंदा हलवायची गरज नाही."

"बरं झालं, बेटा," जैनुद्दीन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

तिला स्वतः येऊन पाहायचं होतं, पण परीक्षा आली. मुजफ्फरला कारखान्यात जादा पाळ्या लागल्या. सगळे आकड्यांवर विसंबले. मेच्या पहिल्या आठवड्यात जैनुद्दीननं शेवटचा दगड बसवला आणि नखानं चुना दाबून पाहिला. वरून कठीण लागला. आणखी एक महिना, मग पाऊस येऊ दे कितीही.

पाऊस महिना थांबला नाही. मे अर्धा सरला आणि अवकाळी येऊन बसला. वळीव तासभर कोसळतो आणि निघून जातो. हा आठ दिवस हटला नाही. मिरगाची वाट बघणाऱ्या लोकांची तारांबळ उडाली, कुणाचा कांदा भिजला, कुणाचा कडबा गेला. जैनुद्दीननं भट्टीवरचं ताडपत्रीचं छप्पर उचकटलं आणि कबरीच्या काठावर अंथरलं, वर दगड ठेवले. पुंजाराम त्याचा हात धरून ओढत म्हणाला, "आता तरी फोन कर पोराला! उद्याच्याला हलवू. मी सांगतो, माजं नाव सांग, मी खनलं म्हून सांग."

"उद्या करतो."

"उद्या कशाला?"

"उद्या करतो म्हनलं ना!"

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना, असरच्या अजानीच्या सुमाराला तो समोरच्या काठावरून पाहत उभा होता. त्याची भिंत आधी पुढं फुगली. मग पांढरं पाणी, दुधासारखं, दगडांच्या फटींतून वाहायला लागलं. चुना बाहेरून धरला होता. आत, भिंतीच्या अंगाला, तो अजून ओलाच होता. जैनुद्दीन "हाजरा!" असा ओरडला. मोठा आवाज झालाच नाही. भिंत बसली, तिच्यावरचा काठ तिच्यामागून गेला, ताडपत्री एकदा फडफडली, आणि सफेदी केलेली कबर अख्खीच्या अख्खी खाली सरकत ओढ्यात नाहीशी झाली. बाकीच्या कबरी मागं होत्या तिथंच राहिल्या. गेली ती एकटी हाजराबी.

मुजफ्फर पहाटेच निघाला आणि सकाळी पोचला. पाऊस उघडला होता. अर्धं गाव घळीच्या तोंडाशी जमलं होतं. ज्ञानेश्वरीही आली होती, कुणी बोलावलं नव्हतं तरी. चिखलात उभी राहून ती रडत होती.

"तुमी म्हनला हुता ना, यंदा काय हुत न्हाई?" मुजफ्फर तिच्या अंगावर ओरडला. "कॉलेजात बसून गनितं करायची, आनि आमच्या आईची माती! काय शिकलात तुमी?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. "माझं गणित चुकलं. मी यायला हवं होतं."

गावातले दोघं-तिघं पुढं सरसावले. असल्या पोरींना गावात घ्यायलाच नको होतं, कुणी म्हणालं. ज्ञानेश्वरीनं हात जोडले. तिनं जैनुद्दीनकडं पाहिलं आणि म्हणाली, "चाचा, तुम्ही इतकं मनापासून मोजलंत, आणि मी..."

जैनुद्दीनला ते ऐकवेना. पाच वर्षांपूर्वी गिळलेले दोन शब्द त्याच्या घशात अजून तसेच होते. आता गिळले असते तर ते या मुलीच्या माथ्यावर बसले असते.

"तिचं गनित बराबर हुतं," तो म्हणाला. "आकडे मी खोटे लिवले. साडेसात हुते, मी धा लिवले."

ज्ञानेश्वरीनं जोडलेले हात खाली घेतले.

"आनि खालची चुनखडी मीच काडली हुती. किल्ल्याच्या कामाला. उभा थर काडला मी."

"मी बी हुतो," पुंजाराम मागून म्हणाला. पण त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

मुजफ्फर बापाकडं पाहत राहिला. त्यानं एकच विचारलं, अगदी हळू. "अम्मीला म्हाईत हुतं?"

"व्हय. नको म्हनली हुती."

"आनि तिला तितंच ठिवताना तुमी उभं हुता. माती दिली तुमी."

"दिली."

मुजफ्फरनं तोंड फिरवलं. "तिला हात लावायचा न्हाई आता," तो म्हणाला. "अब्बा, खाली यायचं न्हाई तुमी."

जमातीचे चौघे आणि मुजफ्फर खाली उतरले. जैनुद्दीन वरच बसला. ज्ञानेश्वरी त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसली. ती उठून गेली नाही.

खालची माणसं ढिगाऱ्यातून वेचू लागली. पांढरी चादर अंथरली होती, तिच्यावर एकेक तुकडा येऊन पडू लागला. तासाभरात चादर भरली, आणि मग माणसं एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागली. त्या घळीच्या मातीत चुनखडीचे खडे ठासून भरलेले. बोटाएवढे, मनगटाएवढे, लांबट, टोकांना गाठी असलेले. चिखलात हाड आणि खडा एकसारखेच दिसत होते. चादरीवर हाजराबी किती आणि घळ किती, ते कुणालाही सांगता येईना.

"हे काय हाय?" एकानं तुकडा वर धरून विचारलं. दुसऱ्यानं मान हलवली. दगड कफनात बांधायचे का? आणि तिला चिखलात टाकून जायचं का?

मुजफ्फर गुडघ्यांवर बसून राहिला. मग त्यानं वर पाहिलं.

"अब्बा," तो म्हणाला. त्यानं हातातला तुकडा वर धरला.

जैनुद्दीन उतरला. साठ वर्षं त्या तळातून पांढरं वेचत आलेला तो माणूस चादरीपाशी बसला आणि हात पुढं केला. मुजफ्फर एकेक तुकडा त्याच्या हातावर ठेवू लागला. जैनुद्दीन तो ओढ्याच्या पाण्यात बुडवायचा, नखानं वाजवायचा, कानाशी धरायचा. खडा खणकतो, हाड बसका आवाज देतं.

"खडा."

मुजफ्फरनं पुढचा ठेवला.

"खडा."

पुढचा.

"ही तुजी अम्मी."

दुपार सरेपर्यंत बापलेक असे बसले होते, आणि या चार शब्दांखेरीज दोघांत काही बोलणं झालं नाही. संध्याकाळच्या आत हाजराबीला कब्रस्तानाच्या पश्चिमेला, बाभळी तोडून काढलेल्या नव्या जागेत, घळीपासून सगळ्यात लांब ठेवलं. जैनुद्दीन माती द्यायला गेला नाही. मुजफ्फरनं त्याला अडवलं असतं की नाही, कुणास ठाऊक. जैनुद्दीननं विचारलंच नाही. "उजवा हात न्हाई सापडला," एवढंच तो म्हणाला, आणि ढिगाऱ्याकडं परत फिरला.

मुजफ्फर तिसऱ्या दिवशी नागापूरला गेला. फोन करतो, तो पुंजारामला करतो.

पावसाळा सरत आला तेव्हा ज्ञानेश्वरी पुन्हा आली. तिचा प्रबंध लिहून झाला होता, एक ओळ अडली होती. पूर्वेच्या भिंतीतला थर माणसानं काढला, हे लिहायला हवं होतं. जैनुद्दीन घळीच्या तळाशी बसला होता. डावीकडं खड्यांचा कमरेएवढा ढीग होता.

"चाचा, नाव घालत नाही मी. नुसतं स्थानिक उत्खनन लिहिते," ती म्हणाली.

"घाल. जैनुद्दीन चुनेवाला, वरुडठान. निस्तं असं लिवलं तर उद्या लोक इसरतील, म्हनतील पान्यानं केलं."

ती शेजारी बसली. ढिगाऱ्यातून तिनं बोटाच्या पेराएवढा एक पांढरा तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्या हातावर ठेवला. जैनुद्दीननं तो पाण्यात बुडवला, नखानं वाजवला, कानाशी धरला. पुन्हा एकदा वाजवला. मग त्यानं तो डावीकडच्या ढिगावर टाकला. उजवीकडं त्यानं एक स्वच्छ रुमाल अंथरून ठेवला होता, त्यावर अजून काही नव्हतं.